वाकळीतला टोपीवाला

माझ्या दुकानात ब्लाउज शिवायला आलेली बाई आधी भिंतीकडे बघते आणि मग माझ्याकडे. भिंतीवर देव नाहीत, नट्या नाहीत, फॅशनचे फोटोही नाहीत. आहेत ते पडणारे, धडपडणारे, एकमेकांच्या तोंडावर केक फेकणारे मूकपटांच्या जमान्यातले विलायती विनोदवीर. गोल टोपीचा, छडी फिरवणारा फेंगड्या. एक जाडा आणि त्याच्या शेजारी कायम रडकुंडीला आलेला काडीपैलवान. आणि जिन्यावरून गडगडत खाली आला तरी चेहऱ्याची घडी न मोडणारा तो तिसरा. "ताई, हे कोण हो तुमचे?" असं एखादी विचारतेच. मी मापाची टेप गळ्यात अडकवत सांगते, "माहेरची माणसं." आणि ते काही खोटं नाही.

सांगलीजवळ माधवनगरला माझं दुकान आहे. मशीनवर बसून पोट भरलं आणि उरलेल्या वेळात या लोकांच्या जुन्या वस्तू जमवल्या. काडेपेट्यांवरची लेबलं, बिस्किटाच्या डब्याचं झाकण, सोडावॉटरच्या दुकानाचं कॅलेंडर, चावी हरवलेलं पत्र्याचं खेळणं, तंबूत दाखवायच्या काचेच्या स्लाइड. गणपतीच्या कारागिरानं मातीत घडवलेला एक टोपीवालाही आहे माझ्याकडे. त्याचे डोळे कारागिरानं सवयीनं गणपतीचेच काढलेत, त्यामुळे तो छडी घेऊन आशीर्वाद द्यायला निघाल्यासारखा दिसतो. नात्यातल्या बायकांनी सोनं केलं, मी भंगार केलं, असं माझ्या नणंदा म्हणतात. म्हणोत बापड्या.

या बाबतीत मला कुणी फसवू शकत नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. मध्यंतरी एक व्यापारी जुनं पोस्टर म्हणून कागद घेऊन आला. पिवळा पडलेला, कडा कुरतडलेल्या, बघणाऱ्याला वाटावं आजोबांच्या जन्माच्या आधीचा. मी तो नाकाला लावला, चहाचा वास आला, आणि म्हटलं, "दादा, चहात साखर जरा जास्त झाली." गडी कागद गुंडाळून असा सटकला की पायरी चुकून रस्त्यावर आडवाच झाला. भिंतीवरच्या मंडळींना तो नक्की आवडला असता.

हे वेड आलं माझ्या वडिलांकडून. आबा इथल्या गिरणीत माग चालवायचे. मागाच्या खात्यात आवाज असा की शेजारच्या माणसाच्या कानात ओरडलं तरी त्याला फक्त तोंड हललेलं दिसायचं. मिसरूड फुटायच्या वयात आबा तिथं लागले आणि लग्नाआधीच त्यांचे कान गेले. खात्यात सगळं बोलणं खुणांवर. मूठ वळून दांडी ओढल्यासारखी केली की माग सुरू कर. तळहात आडवा दाबला की बंद. चूक झाली तर कान धरायचा. ओठ तर ते सगळेच वाचायचे. आबांच्या डाव्या हाताची करंगळी एकदा मागानं अर्धी नेली, तेव्हापासून त्यांनी हात वर करून पाच दाखवले की खातं खुणेनंच 'साडेचार' म्हणून हसायचं. आबाही हसायचे. आमच्या घरी आम्हा भावंडांनाही ही भाषा बोलायच्या आधी यायला लागली.

आता बहिऱ्या माणसानं बोलपट बघून करायचं काय? पडद्यावर तोंडं हलतात, पुढचामागचा रडतो, आणि आपण बसायचं हात चोळत. पण तेव्हा जत्रेत तंबूचा सिनेमा यायचा, आणि मुख्य चित्रपटाच्या आधी लोकांना बसवून ठेवायला मूक कॉमिकचा तुकडा लावायचे. तेवढा वेळ तंबूतला प्रत्येक माणूस आबांइतकाच बहिरा. उलट आबाच पुढे. पडद्यावरचा माणूस भुवई उडवायचा तेव्हाच आबांना कळायचं की आता हा खड्ड्यात जाणार, आणि ते सगळ्यांच्या आधी हसायचे. "तिथं मी कुणापेक्षा कमी नव्हतो," असं ते मला सांगायचे. त्या वाक्यासाठी मी आयुष्यभर काडेपेट्या गोळा करू शकते.

आणि त्यांची एक गोष्ट होती. रहिमतपूरकडच्या एका जत्रेत आबा सोबत्यांना तंबूबाहेर टोपीवाल्याची नक्कल करून दाखवत होते. फेंगडे पाय, काठी, सगळं. तंबूचा पेंटर दारावरचा मोठा कापडी पडदा रंगवायला बसला होता, आणि त्याच्याकडे नमुना म्हणून होतं काडेपेटीवरचं चित्र. त्यात तोंड म्हणजे शाईचा ठिपका. पेंटरनं आबांना बघितलं, हाताला धरून नेलं, समोर उभं केलं, हातात छडी दिली, खायला भडंग दिलं आणि दुपारभर त्यांना बघून टोपीवाला रंगवला. "सगळ्या तालुक्यानं मला तंबूवर बघितलं, फक्त मी हाय हे कुणाला कळलं न्हाई," असं आबा शेवटी म्हणायचे, आणि छाती ठोकायचे.

ही गोष्ट आमच्याकडे पाहुण्याला चहाबरोबर मिळायची. चुलते डोळा मारायचे, "आला बघा हिरो." माझा धाकटा भाऊ पुण्यात असतो, मोठ्या कंपनीत आहे. तो म्हणायचा, आबांची टेप लागली. चेष्टाच ती, आबा मनावर घ्यायचे नाहीत. पण मागच्या दिवाळीत भाऊ त्याच्या मित्राला घेऊन आला होता. आबांनी गोष्ट सांगितली, छाती ठोकली, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला भाऊ मित्राला हळूच म्हणाला, "काही नाही रे, म्हातारपणी मनातच तयार होतात अशा गोष्टी." हळू बोलून काय उपयोग? आबांनी ते ओठांवरून शब्द न् शब्द वाचलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, म्हणून मला कळलं.

त्यानंतर आबांनी ती गोष्ट सांगणं सोडलं. संक्रांतीला शेजारची सून आली, मी मुद्दाम म्हटलं, "आबा, तंबूचं सांगा की हिला." आबांनी तळहात आडवा धरून खाली दाबला. माग बंद. नंतर मला म्हणाले, "जाऊ दे गं. नसंल बी तसं काय. माझ्याच डोक्यातलं असंल." कान गेले, बायको गेली, गिरणी बंद पडली, आणि या माणसानं कधी कुरकुर केली नव्हती. आता त्याची स्वतःची एक दुपारही लोकांनी त्याच्या हातातून काढून घेतली होती. भावाचा तर असा राग आला की त्याला पाठवायचे तिळगूळ मी स्वतःच खाल्ले. आणि ठरवलं, तो पडदा जगात कुठंही असो, मी काढणार. वस्तू शोधणं हे माझं काम आहे, त्यात मला कुणी शिकवायचं नाही.

भंगारवाले झाले, जुन्या तंबूवाल्यांची पोरं झाली, सगळे हात हलवत परत पाठवत होते. शेवटी अक्कल आली ती दारावर जुने कपडे घेऊन भांडी देणाऱ्या बोहारणीमुळे. तिला म्हटलं, एवढा मोठा पडदा गेला कुठं? ती हसली. "ताई, तुमी शिवणाऱ्या आन मला इचारता? कापड कवा मरतंय व्हय? म्हातारं झालं की वाकळंत जातंय." मी कपाळावर हात मारला. जुनी लुगडी, धोतरं, पोती थरावर थर ठेवून वाकळ शिवतात, आणि मधला थर कुणाला दिसत नाही. मी इतके दिवस लोकांच्या माळ्यावर शोधत होते, आणि वस्तू लोकांच्या पाठीखाली होती. त्या तंबूचा शेवटचा मुक्काम पाटणकडे पडला होता आणि तिथंच तंबूवाल्यानं कापड विकून टाकलं होतं, एवढं तंबूवाल्यांच्या पोरांकडून कळलं होतं. मग मी पाटणच्या आसपासची गावं धरली आणि वाकळी चाचपत हिंडले. ज्या घरी जावं तिथं आधी चहा, मग वाकळ. इतका चहा झाला की आमचे मालक गाडीतच बसून राहायला लागले. फौजेतून सुभेदार होऊन आले, पण चहापुढे शरण गेले.

आणि एका घरी सापडली. घरातली आक्का सत्तरीची, काटक, बोलायला तडफदार. मी वाकळीवरून हात फिरवला आणि बोटांना कळलं. मधला थर ताठ होता, तेलरंग प्यालेल्या मांजरपाटाचा. एका कोपऱ्यात वरचं लुगडं विरलं होतं. तिथून आत काळी गोल कड दिसत होती. टोपीची कड.

"तंबूवाल्याचंच हाय ते," आक्का म्हणाली. "माझ्या सासूनं घेतलं हुतं. त्येच्यावर मानसाचं तोंड हुतं म्हणं. तोंडावर पाय पडू ने म्हणून सासूनं ते आत घातलं आन दोन्ही अंगानं लुगडी लावली."

मी लगेच म्हटलं, "आक्का, ही मला द्या. काय म्हणाल ते देते."

"माझी बाळंतपनं हिच्यावर झाली," आक्का शांतपणे म्हणाली. "तुमी बाळंतपनाची किंमत सांगा, मग मी वाकळंची सांगती."

तरी मी चिवट. म्हटलं, उसवून निदान बघू तरी द्या. तर तिनं दोन्ही हात झटकले. "वाकळ उसवायची नसती, बाई. फाटली तर वरनं चढवायची असती." मग मात्र मी हट्ट सोडला आणि आबांचं सगळं सांगितलं. तंबू, पेंटर, भडंग, दिवाळी, आणि तो आडवा दाबलेला तळहात. आक्का ऐकताना वाकळीवर हात फिरवत होती. शेवटी म्हणाली, "मग म्हाताऱ्याला आना की हितं. एक अंग उसवा, बगू द्या त्येंला डोळं भरून. पर तुमच्याच हातानं परत शिवून द्यायची, आन वाकळ ह्या घरातनं जायची न्हाई. हाय कबूल?"

माझ्यातली जमवणारी बाई आतून किंचाळली. एवढा मोठा हातरंगी पडदा, असा दुसरा जिल्ह्यात नसेल, आणि मी तो हाती आलेला परत शिवून टाकायचा? दुकानातली समोरची भिंत मी मनात कधीच रिकामी केली होती. पण आबा त्या भिंतीपेक्षा मोठे. कबूल म्हटलं. भावाला फोन करून सांगितलं, पडदा सापडलाय. तो म्हणाला, "तायडे, आधी बघ तरी. तोंड आबांचं नसलं तर उगाच म्हातारा खचेल." राग आला, पण बोलणं खरं होतं. गाडी ठरवली तेव्हा तेच मनात घोळत होतं. आबांना मी नुसतं फिरायला जाऊ म्हणून सांगितलं.

आम्ही पोचलो तर आक्का दारातच उभी, तोंडभर हसू. आणि मागं अंगणातल्या भिंतीवर वाकळ वाळत घातलेली. धुतलेली! "पाव्हणं येनार, त्यात वडीलधारं मानूस," आक्का अभिमानानं म्हणाली. "मळकी वाकळ कशी म्होरं टाकायची? दर साली दसरा काढताना नुसतं नदीला धुतो. ह्या टायमाला लेकीला बी बोलावलं, मोठ्या भांड्यात सोडा टाकून उकळली, आन दोघींनी मिळून चांगली बडवली."

तेलरंग, सोडा, उकळतं पाणी आणि वर धोपटणं! इतक्या दसऱ्यांतून जे वाचलं होतं ते या बाईनं मायेपोटी एका दिवसात बडवून काढलं होतं. माझ्या तोंडात अशा शिव्या आल्या होत्या की विचारू नका. पण समोर ती बाई दुखरे खांदे चोळत, आम्हाला आवडली का बघत उभी. मी शिव्या गिळल्या आणि म्हटलं, "लय झकास निघालीय, आक्का." अशा वेळी भिंतीवरचे माझे लोक तोंडावरचा केक पुसून पुढे चालायला लागतात.

अंगणात ऊन होतं. वाकळ अजून ओलसर होती, ती बाजल्यावर पसरली आणि मी कात्रीचं टोक पहिल्या टाक्याखाली घातलं. सासूचे टाके बारीक, एका माळेचे. एकही धागा वाया न घालवता मी बाजू उसवत नेली. आबांना आता अंदाज आला होता. ते बाजल्याजवळ येऊन बसले. आमच्या मालकांनी वरचं लुगडं दोन्ही हातांनी उचलून धरलं.

टोपी होती, काळीभोर. बूट होते, नांगराच्या फाळासारखे लांब. कोट होता, भेगाळलेला. आणि टोपीच्या खाली, जिथं तोंड असायचं तिथं, पांढरा मांजरपाट. रंगाचे पापुद्रे लुगड्याला चिकटून सुटले होते. मिशीचा अर्धा ठिपका उरला होता, बाकी काही नाही. ना आबा, ना तो विलायती, कुणीच नाही.

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. आता या माणसाला काय सांगू? भावाचं ऐकायला हवं होतं, असंही मनात येऊन गेलं. आक्काच्या तेव्हा लक्षात आलं की काय झालंय. ती तोंडाला पदर लावून म्हणाली, "आगं माझे आई, मी काय करून बसले."

आबा तोंड असलेल्या जागेकडे बघतच नव्हते. ते वाकून खाली, कोटाच्या बाहीकडे बघत होते. तिथं सासूनं कधीतरी आतून ठिगळ लावलं होतं. त्यांनी मला खूण केली, हे काढ. मी ठिगळाचे टाके तोडले. त्याच्याखाली रंग ताजा होता, कारण त्याला एकही दसरा लागला नव्हता. बाहीतून आलेला हात होता, डावा, छडीच्या मुठीवर ठेवलेला. तीन बोटं आणि अंगठा नीट. आणि करंगळी अर्धी. पेंटरनं जसं दिसलं तसं काढलं होतं.

आबांनी आपला डावा हात त्या हाताशेजारी ठेवला. मग आक्का दोन्ही हातांकडे आळीपाळीनं बघत म्हणाली, "आवं, ह्यो तर तुमीच की वो!" आबांनी ते तिच्या ओठांवरून वाचलं. त्यांचा चेहरा आधी आक्रसला आणि मग ते हसायला लागले. असे की खोकला लागला, डोळे गळायला लागले आणि मालकांना त्यांची पाठ चोळावी लागली. मी रडत होते आणि हसतही होते.

मी भावाला व्हिडिओ कॉल लावला. एक शब्द बोलले नाही. नुसता फोन आधी पडद्यावरच्या हातावर धरला, मग आबांच्या. तो ऑफिसात होता, मागं माणसं बसलेली दिसत होती. मग मी फोन आबांसमोर धरला, आणि त्या मोठ्या कंपनीतल्या साहेबानं सगळ्यांसमोर आपले दोन्ही कान धरले. आबांनी त्याला पंजा दाखवला. साडेचार.

मग मी शब्द पाळला. जशी होती तशी, सासूच्या टाक्यांच्या भोकांतूनच सुई घालत वाकळ परत शिवली. ठिगळही लावलं. आक्काच्या घरची रीत अशी की शेवटचा टाका घालायच्या आधी वाकळीच्या पोटात घास द्यायचा. तिनं पोळीचा तुकडा आणला आणि आबांच्या हातात दिला. आबांनी तो आत सरकवला, आणि मी टाका घातला. आक्का म्हणत होती, घेऊन जा हो आता, तुमचीच हाय. एका क्षणात माझी भिंत पुन्हा डोळ्यांसमोर आली. पण मीच नको म्हटलं. हिच्या लेकी, नाती माझ्या बापाच्या आधारानं झोपल्या आहेत. त्यांची झोप मी भिंतीला लावू का?

परतताना आबा पुढे बसले होते, मी मागं. पाटण सोडलं, रस्ता मोकळा लागला. आबा एकाएकी मागं वळले. बराच वेळ काहीतरी मनात जुळवत असावेत. त्यांनी भुवया उडवल्या आणि माझ्याकडे बघून विचारलं, "सांगू?"

ती गोष्ट मला पाठ आहे. कुठं भडंग येतं, कुठं पेंटर शिंकतो, कुठं छाती ठोकायची, सगळं. आमच्या मालकांनाही पाठ आहे. त्यांनी गाडी हळू केली.

मी मूठ वळली आणि मागाची दांडी ओढली.